बार्शीच्या काळ्या जमिनीत अंजीर : पुणेरी, दिनकर की डायना?

बार्शीची_माई

नमस्कार मंडळी. घरामागे १८ बाय २५ फुटांची जागा रिकामी झाली आहे. तिथे आमचा २२ वर्षांचा शेवगा होता, यंदाच्या वळवात मुळासकट आडवा झाला. यजमान म्हणाले, फरशी करून गाडी लावू. मी म्हटलं, मी आहे तोवर त्या जागी झाडच राहील, आणि ते अंजिराचं असेल.

अंजीरच का, ते सांगते. माझं माहेर पुण्याचं. वडील एसटीत वाहक होते, बरीच वर्षं सासवडच्या गाडीवर. मार्च-एप्रिलमध्ये ड्यूटी संपवून येताना कधी कधी हातात छोटी पाटी असायची. खाली अंजिराची पानं, वर अंजिराची पानं, मध्ये फळं. आई वरची पानं बाजूला करायची तेव्हा जो वास यायचा, तो आजही नाकात आहे. फळ इतकं मऊ की उचलताना बोट रुतायचं. आता इथे बाजारात डब्यातली अंजिरं मिळतात. दिसायला छान, पण आतून पांढरट आणि चवीला नुसता गर. नातवंडांना वाटतं अंजीर म्हणजे हेच. म्हणून मला ते झाड लावायचं आहे.

रोपवाटिकेत गेले तर चार नावं सांगितली : पुणेरी, दिनकर, डायना आणि ब्राउन टर्की. चारही रोपं अडीच फुटांची, चारही पिशव्यांतली पानं मला तरी सारखीच दिसली. तिथला मुलगा म्हणाला, डायना न्या, फळ मोठं येतं.

आमची जमीन काळी, साधारण तीन फूट खोल, त्याखाली मुरूम. पाणी बोअरचं, थोडं जड. उन्हाळ्यात पारा ४२ ला जातो. यात कोणती जात तग धरेल? फळ धरायला नर झाड किंवा दुसऱ्या जातीचं झाड शेजारी लागतं का? घरी सुकवता येतील का? आणि नणंदबाई म्हणतात, अंजिरात किडा मेलेला असतो, उपासाला चालत नाही. हे खरं आहे का? कुणी स्वतः झाड वाढवलं असेल त्यांनी सांगावं.

रानवेडा_कुडाळ

माई, माझा अनुभव कोकणातला आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा धरू नका. मी २०१९ मध्ये परसात ब्राउन टर्की लावली. झाड तरारून वाढलं. जुलै लागला की पानांच्या मागे विटकरी भुकटी दिसायची. तो तांबेरा. गणपती येईपर्यंत झाडावर पान राहायचं नाही. त्यात जी फळं धरायची त्यांचा खालचा डोळा, म्हणजे बुडाचं छिद्र, उघडा. पावसाचं पाणी आत, मुंग्या आत, फळ झाडावरच आंबायचं. तीन वर्षं हे बघितलं आणि झाड काढलं.

आता गच्चीवर पत्र्याच्या शेडच्या कडेला २०० लिटरच्या अर्ध्या ड्रममध्ये पुणेरी आहे. पाऊस थेट अंगावर येत नाही, ऊन सकाळपासून दुपारपर्यंत. गेल्या हंगामात ४० च्या वर फळं खाल्ली, सगळी गोड. फळ विकत घेऊन किंवा कुणाच्या झाडावर बघायला मिळालं तर आधी त्याचा डोळा बघा, बंद आहे की उघडा. मला हे तीन वर्षांनी कळलं.

कऱ्हाकाठ

माई, रामराम. पुरंदर तालुक्यात दिवे गावाच्या अलीकडं आमची वाडी. आजोबांनी लावलेली अंजिराची बाग वडिलांनी काढून नवी लावली, ती मी २००४ साली काढून पुन्हा लावली. तुमच्या वडिलांच्या हातातली पाटी आमच्याच शिवारातली असायची शक्यता खूप आहे. वाचून घरात सगळ्यांना सांगितलं.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. जातीचं नाव विचारायच्या आधी मातृवृक्ष कुठं आहे ते विचारा. ज्या झाडाची काडी घेऊन रोप केलं ते झाड दाखवा म्हणावं. दाखवता आलं नाही तर पिशवीवर काय लिहिलंय त्याला काही अर्थ नाही. तुम्हाला चारही रोपं सारखी दिसली, त्यात तुमची नजर कमी पडली असं नाही. मलाही अडीच फुटांचं रोप बघून पुणेरी आणि दिनकर वेगळं काढता येत नाही. फळ हातात आल्यावरच कळतं, आणि तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात. मी २०११ मध्ये एका रोपवाटिकेतून डायना म्हणून ४० रोपं आणली. तिसऱ्या वर्षी फळं धरली तेव्हा त्यातली निम्मी भलतीच निघाली. बारीक, जाड सालीची, आत पोकळ. खड्डे, शेणखत, पाणी, तीन वर्षांची मेहनत, सगळं त्या झाडांवर गेलं होतं. ती झाडं काढताना आईच्या डोळ्यात पाणी आलं. तेव्हापासून चाखल्याशिवाय काडी घ्यायची नाही हे ठरवलं.

अंजिराची काडी लागते ना, त्यामुळं हे सोपं आहे. बियांचं रोप नाही, आंब्यासारखं कलमाचं कौशल्यही लागत नाही. ज्या झाडाचं फळ तुम्हाला आवडलं, त्याचीच काडी लावली की तेच फळ मिळतं. पुणेरीतसुद्धा झाडाझाडांत फरक आहे. आमच्या बांधाकडच्या ओळीत एक झाड आहे, त्याची फळं घरातलं कुणी विकू देत नाही.

पुणेरी म्हणजे आमच्या पुरंदरचं, खेड-शिवापूरचं, दौंडकडं खोरचं जे अंजीर ते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फळ घंटेसारखं, मानेकडं हिरवट आणि बुडाकडं जांभळट लाल. वजन ४० ग्रॅमच्या आसपास, चांगल्या झाडावर त्याहून जास्त. साल पातळ, आत गुलाबी लाल गर. गोडीच्या मागून बारीक आंबटपणा येतो, म्हणून चार खाल्ली तरी पाचवं घ्यावंसं वाटतं. याचा दोष असा की टिकत नाही. पहाटे तोडलेलं फळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ढिलं पडतं. आम्हाला त्यानं फार रडवलंय, पण तुम्हाला झाडाखालून ताटात न्यायचंय, तुमचं त्यात काही अडत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले राजेवाडी’ ही निवडलेली जातही आमच्याच तालुक्यातली. जाधववाडीला अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, तिकडं कधी येणं झालं तर विचारा.

दिनकर ही दौलताबादकडच्या अंजिरातून निवडलेली. माझ्याकडं तिची सहा झाडं आहेत. फळ भरपूर धरतं. चवीला मला पुणेरीच्या खालची वाटते, पण माझी जीभ लहानपणापासून एकाच चवीची आहे, तेव्हा हे त्या भागातल्या माणसानं सांगितलेलं बरं.

डायना मूळची कॅलिफोर्नियाची. फळ मोठं, पिवळसर सोनेरी, साल दणकट, साखर भरपूर. कर्नाटकात हिची लागवड बरीच आहे. सुकवायला ही चांगली. पुणेरी घरी सुकवलं तर आकसून चामड्यासारखं होतं, गर फारसा उरत नाही. म्हणजे सुकं अंजीर करायचं मनात असेल तर डायनाच घ्या. ताजं खायचं असेल तर मी घेणार नाही. नुसतं गोड लागतं, त्या गोडीला धार नाही. ब्राउन टर्कीबद्दल कुडाळच्या दादांनी सांगितलंच आहे. बार्शीला पाऊस कमी म्हणून तिथं ती इतकी नासणार नाही, पण मुद्दाम लावावी असंही त्यात काही नाही.

पण माई, जातीपेक्षाही चवीत जास्त फरक पडतो तो बहाराचा. आमच्याकडं दोन बहार. जूनमध्ये छाटलं की दिवाळीनंतर थंडीत फळ येतं, तो खट्टा बहार. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटलं की फेब्रुवारी-मार्चपासून पुढं फळ येतं, तो मीठा बहार. नावातच सगळं आलं. खट्ट्याचं फळ पावसाळी हवेत पोसतं, ऊन कमी, तांबेरा जास्त. त्याला भाव मिळतो म्हणून आम्ही घेतो. घरच्या झाडाला घेऊ नका. तुमचे वडील मार्च-एप्रिलमध्ये आणायचे तो मीठा बहार. तीच चव पाहिजे तर वर्षातून एकदाच फळ घ्या, आणि बाकीचे महिने झाडाला पानं-फांद्या करू द्या.

तुमच्याकडं एक अडचण आहे, ती आमच्याकडं कमी आहे. ४० च्या वर पारा गेला की फळ पोसायच्या आधीच पिकल्यासारखं होतं, साल चिवट होते, आत रस राहत नाही. म्हणून छाटणीला उशीर करू नका. परतीच्या पावसाचा जोर ओसरला की ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात छाटा. एप्रिल अर्धा होईतो तुमचं बहुतेक फळ खाऊन व्हायला पाहिजे. नोव्हेंबरात छाटून मे महिन्यात फळ धरलं आणि मग जातीला दोष दिला, असं झालेलं मी पाहिलंय.

आता जमीन. अंजिराला आमची तांबूस, चुनखडीची, मध्यम जमीन मानवते, कारण तिच्यात पाणी थांबत नाही. काळ्या जमिनीत झाड मरत नाही. उलट माजतं. फांद्या दहा फूट आणि फळ दहा. शिवाय पावसात मुळं पाण्यात राहिली की पिवळं पडतं. तुमच्याकडं तीन फुटांवर मुरूम आहे ही मोठी गोष्ट आहे. दोन फूट लांब-रुंद खड्डा घ्या, पण खोल मात्र मुरूम लागेपर्यंत जा, म्हणजे तळात पाणी साचणार नाही. भरताना निघालेली काळी माती निम्मीच वापरा, बाकी मुरूम, पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत. आणि जमिनीबरोबर भरू नका, फूट-दीड फूट उंच ओटा करून त्यावर लावा. बोअरच्या जड पाण्याची फार काळजी करू नका, अंजीर ते इतर फळझाडांपेक्षा बरं सोसतं. न्हाणीचं पाणी मात्र सतत त्याच्या बुडाशी नको.

१८ बाय २५ मध्ये एकच झाड लावा. आम्ही बागेत १५-१६ फुटांवर लावतो. भिंतीपासून निदान आठ-दहा फूट सोडा, मुळं वरच्या वर लांब पसरतात. दोन जाती पाहिजेतच असं वाटलं तर दुसरी ड्रममध्ये ठेवा.

नर झाड लागत नाही, दुसरी जातही लागत नाही. आपल्याकडं लावतात ती अंजिरं परागीकरणाशिवाय फळ धरतात, त्यामुळं त्यात माशी जायचं कारण नाही. किडा असतो तो उंबरात. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात, ते खरंच आहे, कारण फुलं फळाच्या आतच असतात. त्या फुलांसाठी बारीक माशी डोळ्यातून आत शिरते. अंजीर आणि उंबर एकाच कुळातले, म्हणून हा आळ अंजिरावरही आला. उंबराचा अंजिराशी दुसरा चांगला संबंध आहे : जिथं मातीतल्या सूत्रकृमींमुळं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींमुळं, मुळांना गाठी होतात तिथं उंबराच्या खुंटावर अंजिराचं कलम करतात. तुमच्या एका झाडासाठी त्याची गरज नाही, बुडाशी गोल झेंडू लावा.

देवगिरीचा_पायथा

कऱ्हाकाठ दादांनी आमच्यासाठी जागा ठेवली, म्हणून लिहितो. माझं घर दौलताबादच्या जवळ, परसात दिनकरचं नऊ वर्षांचं झाड आहे. जमीन उथळ, दीड फुटावर मुरूम.

चवीत पुणेरीच्या खाली हे मला मान्य नाही. मी दोन्ही खाल्ली आहेत, आणि दोन्ही झाडावर पूर्ण पिकलेली खाल्ली आहेत. दिनकरला आंबटपणा कमी, गोडी सरळ. आमच्या घरात लहान मुलं आणि ८१ वर्षांची आजी, दोघांनाही तीच आवडते. पुणेरी खाऊन आजी म्हणाली, ‘जरा कमी पिकलंय का रे?’ मंडळी ज्या फळावर वाढतात त्याचीच चव त्यांना खरी वाटते. माईंना लहानपणीची चव हवी आहे, म्हणून त्यांनी पुणेरी लावावी हे मी पण म्हणेन. पण कुणी पहिल्यांदाच लावत असेल आणि झाडाकडे रोज बघायला वेळ नसेल, तर दिनकर फळाला कंजूषपणा करत नाही, हे माझं नऊ वर्षांचं सांगणं आहे.

पाण्याबद्दल एक सांगतो, यात माझं एक वर्ष पूर्ण वाया गेलं. फळ पोसत असताना मी १२ दिवस गावाला गेलो. आल्यावर झाड कोमेजलेलं बघून जीव कळवळला आणि पाइप लावून ठेवला, रात्रभर. तीन दिवसांत निम्मी फळं बुडाशी चिरली. चिरलेल्यात मुंग्या आणि चिलटं. तेव्हापासून ठिबकच्या दोन नळ्या लावल्या आहेत, दर तीन दिवसांनी थोडं पाणी, फळ उतरेपर्यंत त्यात बदल नाही. काळ्या जमिनीत ती सुकली की भेगा पडतात आणि मुळं तुटतात, त्यामुळे माईंना हे माझ्यापेक्षा जास्त सांभाळावं लागेल. उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा.

कऱ्हाकाठ

दादा, आजींचं म्हणणं मान्य. पुणेरीला तो आंबटपणा असतोच, आणि ज्याला तो नको त्याला दिनकर बरी. पाण्याबद्दल तुम्ही सांगितलंत तेही अगदी बरोबर, आमच्याकडं ठिबक आल्यापासून चिरलेली फळं खूप कमी झाली.

एडिसनकर

मूळचा साताऱ्याचा, गेली १७ वर्षं न्यू जर्सीत. माईंच्या नणंदबाईंच्या शंकेत थोडं तथ्य आहे, ते कुठून आलं ते सांगतो.

अंजिराचा एक गट आहे, स्मर्ना. त्यातल्या झाडांना परागीकरण झाल्याशिवाय फळच टिकत नाही, कोवळी फळं गळून पडतात. ते परागीकरण एक बारीक गांधीलमाशी करते, आणि ती रानअंजिराच्या नर झाडांत वाढते. कॅलिफोर्नियात तुर्कस्तानातली स्मर्ना झाडं आणून लावली, झाडं वाढली, पण वर्षानुवर्षं फळ नाही. शेवटी १८९९ मध्ये ती माशी तिथे रुजली आणि मग फळं लागली. त्याच अंजिराला तिथे कॅलिमर्ना म्हणतात. तुर्कस्तानातून येणारी सुकी अंजिरं बहुतेक याच गटातली. म्हणजे नणंदबाईंची हरकत त्या सुक्या अंजिरांना लागू पडू शकते, तुमच्या परसातल्या पुणेरीला, दिनकरला किंवा डायनाला नाही. उपासाचं काय ते तुमच्या घरी ठरवा.

नर झाडाचा उपयोग दुसऱ्या कामासाठीही झाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉन्डिट या संशोधकांनी ऍड्रियाटिक जातीचा संकर नर झाडाशी करून कोनाड्रिया ही जात काढली, ती १९५६ मध्ये लोकांना मिळाली. डायनाही त्याच विद्यापीठाच्या कामातून १९७५ मध्ये आलेली. आपलं पुणेरी अंजीरही ऍड्रियाटिक गटातलंच मानतात. त्यामुळे ही फळं दिसतात तितकी परकी नाहीत, एकमेकांची भावकीच आहेत.

माझ्या घरी दक्षिणेकडच्या भिंतीला शिकागो हार्डी जातीचं अंजीर आहे. हिवाळ्यात बर्फाने जमिनीपर्यंत मरते, मेमध्ये बुडातून पुन्हा फुटते आणि त्याच वर्षीच्या फांदीवर सप्टेंबरात फळ देते. म्हणूनच ती इथे टिकते. शेजारी सेलेस्ट ही दुसरी जात ड्रममध्ये आहे, फळ सुपारीपेक्षा थोडं मोठं, पण डोळा घट्ट बंद आणि मधासारखं गोड. ती हिवाळ्यात गॅरेजमध्ये जाते. इथल्या जुन्या इटालियन घरांतून नोव्हेंबरात अंजिराचं झाड दोरीने आवळून गोणपाटात गुंडाळतात आणि वर बादली पालथी घालतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी रस्त्यात थांबलो होतो. माझं शिकागो हार्डी अशाच एका आजोबांच्या झाडाची काडी आहे. ते बोट दाखवून म्हणाले होते, आधी खा, मग ठरव. कऱ्हाकाठ दादांनी लिहिलेलं वाचून त्यांची आठवण आली.

तरीही मला जे फळ हवं असतं ते यातलं एकही नाही. वाईच्या बाजारात एप्रिलमध्ये मिळायचं ते. काड्या इकडे आणता येत नाहीत, आणि आणूही नयेत, रोग-किडी सोबत येतात. म्हणून माई, तुम्हाला जागा आहे, ऊन आहे, आणि पुरंदर एका दिवसाच्या अंतरावर आहे, तर वेळ घालवू नका.

बार्शीची_माई

तुम्हा सगळ्यांचं वाचून काढलं, यजमानांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. गाडी रस्त्यावरच लावायची ठरली. रोपवाटिकेत परत गेले आणि मातृवृक्ष कुठे आहे विचारलं. मुलगा प्रामाणिक होता, म्हणाला, रोपं बाहेरून येतात, झाड आम्ही पाहिलेलं नाही. म्हणून तिथून काही घेतलं नाही. एडिसनकर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही एप्रिलमध्ये कधी आलात तर बार्शीला या.

नणंदबाईंना उंबराचं समजावलं. त्या म्हणाल्या, मग माझ्यासाठी एकादशीला ठेव.

ऑक्टोबरात भाच्याच्या लग्नासाठी पुण्याला जाणार आहे. दादा, तेव्हा सासवडकडे आले तर काडी मिळेल का? ती आणायची आणि लावायची कशी? आणि फळ कधी येईल? मी ६४ वर्षांची आहे, म्हणून विचारते.

कऱ्हाकाठ

माई, काडी नक्की मिळेल, ऑक्टोबरात आमची छाटणीच चालू असते. बांधाकडच्या त्या झाडाची ठेवतो. त्या वेळी त्यावर फळ नसेल, त्यामुळं चाखून घ्यायचा नियम तुमच्यासाठी मोडतोय, पण त्या झाडाची जबाबदारी माझी.

एक नाही, सहा काड्या घ्या. सगळ्या लागत नाहीत. पक्व झालेल्या फांदीच्या, पेन्सिलीपेक्षा थोड्या जाड, आठ-दहा इंचांच्या. कापल्यावर चीक गळतो तो हाताला लागू देऊ नका, खाज सुटते, आणि उन्हात त्या हाताची कातडी भाजल्यासारखी होते. चार तास सावलीत ठेवून चीक सुकू द्यायचा. मग ओलसर गोणपाटात गुंडाळून वरून प्लॅस्टिक. चिंब ओलं नको, पिळून घ्या. लग्नाच्या गडबडीत दोन-चार दिवस राहिलं तरी काही होत नाही, फक्त गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवू नका.

घरी गेल्यावर पिशवीत लावा, निम्मी वाळू निम्मी माती. काडीचे दोन भाग मातीत, एक भाग वर. कुठली बाजू वर हे काडीवरच्या डोळ्यांवरून, म्हणजे कोंबांवरून बघा, उलटी लावली तर गेली. दहा-पंधरा दिवसांत पानं फुटतील, पण त्यावर विश्वास ठेवू नका, ती काडीतल्या साठ्यावर फुटतात. मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो. ओढून बघायचं नाही. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला की जमिनीत. ओटा मात्र आताच करून ठेवा, माती बसायला वेळ लागतो.

दुसऱ्या वर्षी पाच-दहा फळं दिसतील. नातवंडांना एकेक द्या आणि बाकीची कोवळी असतानाच खुडा, झाड अजून लहान असतं. तिसऱ्या वर्षापासून नीट खा. म्हणजे तुमच्या ६७-६८ व्या वर्षी भरलेलं झाड. आमच्या आईनं पंच्याहत्तरीत लावलेल्या झाडाची फळं ती चार हंगाम खाऊन गेली.

फांद्या लांब, सरळ वाढायला लागल्या आणि बाजूला फुटेनात, तर जुलैत डोळ्याच्या जरा वर तिरका काप देऊन सालीची छोटी चकती काढायची, एक इंचभर. याला आम्ही खाचा पाडणं म्हणतो. त्या डोळ्यातून नवी फांदी निघते आणि फळ नव्या फांदीवरच येतं. काळ्या जमिनीत झाड माजणार, तेव्हा तुम्हाला हे लागणारच. पहिल्या वेळी मला फोटो टाका, कुठल्या डोळ्यावर पाडायची ते सांगतो.

तांबेऱ्यासाठी छाटणीनंतर आणि पावसाच्या सुरुवातीला बोर्डो मिश्रण. १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळं विरघळवून मग एकत्र, प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नाही. त्याच दिवशी फवारून संपवा. गळलेली पानं गोळा करून गाडा, झाडाखाली राहू देऊ नका.

फळ तोडायची घाई नको. तोडल्यावर ते मऊ होतं, गोड होत नाही, तुमच्या बाजारातल्या डब्यांचं दुखणं तेच आहे. फळानं देठाशी मान टाकली, खाली लोंबलं, सालीवर बारीक भेगा दिसल्या की पहाटे तोडा. त्याच्या आधी चार दिवस बुलबुल येतील. कांद्याच्या जाळीच्या जुन्या पिशव्या जमवायला लागा, एकेका फांदीला बांधता येतात.

बार्शीची_माई

ओट्यासाठी मुरमाची एक ट्रॉली सांगितली आहे, रविवारी येतेय. कांद्याच्या पिशव्या ११ जमल्या.